छपाईत टिकतील असे आलेख: कोणतं सॉफ्टवेअर वापरता?

आलेखार्थी

नमस्कार मंडळी. पॉलिमरच्या नमुन्यांवर उणे ४० ते १२० अंश सेल्सियस तापमानात ताण-चाचण्या, हा माझ्या पीएचडीचा विषय. मोजमापं संपली, आता लिखाण चालू आहे. आजवरचे सगळे आलेख एक्सेलमध्ये काढले. गेल्या आठवड्यात एका नियतकालिकाकडून शोधनिबंध परत आला. मजकुरावर एकही शेरा नाही. आकृत्या छपाईयोग्य नाहीत, एवढंच लिहिलं होतं. स्तंभाच्या रुंदीत बसवल्यावर अक्षांवरचे आकडे वाचता येत नाहीत, रेषा फुटतात. मी कागदावर छापून पाहिलं, तर त्यांचं खरंच होतं. दोन वर्षांची मोजमापं त्या धुरकट चौकोनात कोंबलेली बघून फार वाईट वाटलं.

प्रयोगशाळेत सगळे ओरिजिन वापरतात आणि सर म्हणतात तेच शीक. मैत्रीण म्हणते पायथन. माझ्या घरच्या मशीनवर लिनक्स आहे. प्रोग्रॅमिंग जुजबी येतं. प्रबंधात एकूण १४ आकृत्या आहेत. शिवाय याच कामावर मराठीत एक लेख लिहायचा आहे, त्यात अक्षांची नावं देवनागरीत हवीत. एकदा नीट शिकून पुढे वर्षानुवर्षं वापरता येईल असं काय घेऊ? जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

उभाआडवा

वाचनखूण साठवली आहे. मलाही हेच विचारायचं होतं.

मोजपट्टी

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. छापल्यावर आकृती किती मिलिमीटर रुंद होणार आहे, हे आधी शोधा. नेचरमध्ये एका स्तंभाची आकृती ८९ मिमी आणि दोन स्तंभांची १८३ मिमी असते, आतली अक्षरं ५ ते ७ पॉइंट. एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या सूचनांत एका स्तंभाला ९० मिमी सांगितलंय. तुमच्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांत हे आकडे असतीलच.

आता गणित बघा. मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमधलं आलेख काढायचं साधन, काही न सांगता ६.४ इंच रुंद आकृती काढतं आणि अक्षरं १० पॉइंटची ठेवतं. पडद्यावर ती छान दिसते. ८९ मिमी म्हणजे साडेतीन इंच. तेवढ्यात ती आकृती आवळली की १० पॉइंटचं अक्षर साडेपाच पॉइंटचं होतं. तीच आकृती सादरीकरणासाठी १० इंच रुंद काढलेली असेल तर साडेतीन पॉइंट. रेषांचंही तसंच. १ पॉइंटची रेषा तिसऱ्या हिश्शावर येते आणि छपाईत मध्येच तुटते. तुमच्या आकृत्यांचं बहुतेक हेच झालंय. सॉफ्टवेअर कितीही महागडं घेतलंत तरी आकृती मोठी काढून मग आवळलीत तर हेच होणार.

म्हणून पहिल्या मिनिटालाच कॅनव्हासची रुंदी ८९ मिमी ठेवा, अक्षरं ७ पॉइंट, रेषा पाऊण ते १ पॉइंट. पडद्यावर आकृती चिमुकली दिसेल. दिसू द्या, झूम करून काम करा. अधूनमधून शंभर टक्के मापावर साध्या कागदावर छापा आणि हातभर अंतरावरून वाचा. मी आजही प्रत्येक आकृतीला हे करतो.

शून्यबिंदू

मोजपट्टी यांच्याशी शंभर टक्के सहमत. फाइलच्या प्रकाराबद्दल थोडी भर घालतो. रेषा आणि अक्षरं असलेला आलेख नेहमी व्हेक्टर स्वरूपात द्यावा, म्हणजे पीडीएफ, ईपीएस किंवा एसव्हीजी. त्यात रेषा रेषा म्हणूनच साठवलेली असते, कितीही मोठी केली तरी फुटत नाही. पीएनजी किंवा टिफ मागितलं तर रेषाचित्राला १००० डीपीआय, म्हणजे इंचाला हजार ठिपके, लागतात (एल्सेव्हियर हेच मागतं), म्हणजे ९० मिमी रुंदीला साडेतीन हजार पिक्सेल. पडद्याचा फोटो काढून डकवलेल्या आलेखात जेमतेम ६०० असतात. जेपीईजी आलेखासाठी कधीच नको, अक्षरांभोवती राखाडी ठिपके उठतात.

याला एक अपवाद आहे. लाखभर बिंदूंचा विखुरचित्रासारखा आलेख व्हेक्टरमध्ये ठेवला तर पीडीएफ उघडताना मशीन गुदमरतं. तिथे फक्त बिंदूंचा थर पिक्सेलमध्ये बदलायचा आणि अक्ष व अक्षरं व्हेक्टरच ठेवायची. मॅटप्लॉटलिबमध्ये त्या थराला 'रास्टराइज्ड' असं सांगितलं की काम होतं.

वक्ररेषा

एक्सेलला सरसकट नावं ठेवू नयेत. रोजच्या कामात आकड्यांवर झटकन नजर टाकायला मी तेच उघडते. पण छापायच्या आलेखात त्याच्या दोन सवयी फार घात करतात आणि त्या दिसतही नाहीत.

पहिली, 'लाइन' प्रकारचा आलेख. तो आडव्या अक्षावरचे आकडे आकडे म्हणून धरतच नाही, नावं म्हणून धरतो. तुमची तापमानं उणे ४०, ०, २०, २५, ३०, १२० अशी असतील तर तो सगळी सारख्या अंतरावर मांडेल. २५ ते ३० मधलं अंतर आणि ३० ते १२० मधलं अंतर कागदावर एकच! उताराचा अर्थच बदलतो. तिथे 'स्कॅटर'च हवा. दुसरी, स्कॅटरमधला गुळगुळीत रेषेचा पर्याय. तो बिंदूंमधून सुंदर वळणं घेत जातो आणि जिथे मोजलंच नाही तिथे उंचवटे तयार करतो. मी परीक्षक म्हणून एका प्रबंधात असा उंचवटा पाहिला आणि विद्यार्थ्याने त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. पदार्थात संक्रमण होतंय म्हणून. त्या जागी एकही मोजमाप नव्हतं. त्या मुलाला ते समजावून सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरलेले नाही.

आलेखार्थी, तुमच्या १४ आकृत्यांत या दोन गोष्टी आधी तपासा. सॉफ्टवेअर बदलायच्या आधी, आजच.

कागदीपट्टी

एक्सेल आकडेही परस्पर बदलतं. जनुकांची नावं तारखा होत होती म्हणून शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने नावंच बदलली, 'सेप्ट १'चं 'सेप्टिन १' केलं. मूळ मोजमापं साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी सुटे केलेले आकडे, नुसता मजकूर) ठेवा आणि तिला हात लावू नका.

निळीशाई

ओरिजिनच्या बाजूने लिहितो, कारण मी ते बारा वर्षं वापरतोय आणि ते वाईट अजिबात नाही. शिखरं वेगळी काढणं, वक्र बसवणं, पार्श्वभूमी वजा करणं, हे माऊसने इतक्या सहज दुसरीकडे जमत नाही. एक आलेख मनासारखा झाला की त्याचा साचा ठेवायचा आणि पुढच्या वीस फाइलींना लावायचा. प्रयोगशाळेत सगळे तेच वापरत असतील तर अडल्यावर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. ही सोय फार मोठी आहे. सरांचं म्हणणं त्या दृष्टीने बरोबर आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो. ते फक्त विंडोजवर चालतं, म्हणजे तुमच्या घरच्या मशीनवर थेट नाही. आणि सगळं काम त्याच्या स्वतःच्या प्रकल्प-फाइलमध्ये अडकतं. मी एक संस्था सोडून दुसरीकडे गेलो तेव्हा परवाना तिथेच राहिला. माझ्याकडे सहा वर्षांच्या फाइली होत्या. फुकट मिळणाऱ्या व्ह्यूअरमध्ये त्या उघडायच्या, दिसायच्या, पण आलेख बदलता येईना. एका जुन्या आकृतीत अक्षाचं एकक चुकलं होतं, एवढी एक दुरुस्ती करायला मला तीन आठवडे ताटकळावं लागलं. तेव्हापासून नियम केलाय. ओरिजिनमध्ये विश्लेषण झालं की त्यातून निघालेले आकडे लगेच सीएसव्हीमध्ये बाहेर काढायचे. लॅबप्लॉट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं आणि ओरिजिनच्या जुन्या प्रकारच्या फाइली वाचतं, हेही लक्षात ठेवा.

उभाआडवा

जीवशास्त्रवाले मित्र प्रिझम वापरतात. त्याचं काय?

वक्ररेषा

@उभाआडवा, गट, पुनरावृत्ती, एरर बार, सांख्यिकी चाचणी असं ठरीव काम असेल तर उत्तम. तक्ता भरायचा, चाचणी निवडायची, आलेखावर खुणा आपोआप येतात. ताण-चाचणीच्या वक्रांसाठी मी घेणार नाही.

शून्यबिंदू

माझं मत पायथनकडे झुकतं. कारण अनुभवाचं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझ्या प्रबंधात ११ आकृत्या होत्या. काढल्या एका माऊसवाल्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मग इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन हाताने सजवल्या. अक्षरं सरळ केली, सूची (कुठली रेषा कशाची ते सांगणारी चौकट) हलवली, बाण लावले. सुंदर झाल्या होत्या. प्रबंध द्यायला नऊ दिवस राहिले असताना लक्षात आलं की एका संवेदकाचा कॅलिब्रेशन-गुणक चुकीचा लावलाय. सगळे आकडे चार टक्क्यांनी बदलले. ११ आकृत्या पुन्हा काढा, पुन्हा इंकस्केप, पुन्हा सगळी हातजुळणी. तीन रात्री गेल्या. आणि एका आकृतीत जुना बाण तसाच राहिला, जिथे आता शिखर नव्हतं तिथे. तो छापील प्रबंधात आजही आहे.

तेव्हापासून मी सॉफ्टवेअर निवडताना एकच गोष्ट बघतो. उद्या आकडे बदलले तर सगळ्या आकृत्या पुन्हा काढायला किती वेळ लागेल? आज माझं उत्तर आहे, एक आज्ञा आणि वीस सेकंद. प्रत्येक आकृतीची एक छोटी फाइल, वर सगळ्यांसाठी एकच शैली-फाइल. त्यात रुंदी, फाँट, रेषांची जाडी, रंग. बाण कुठे लावायचा तेही आकड्यावरून ठरतं, हाताने नाही.

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी २००३ च्या सुमारास लिहायला घेतलं. ते मेंदूतल्या विद्युत-संकेतांवर काम करायचे आणि त्यांना स्वतःलाच आलेख हवे होते. म्हणून त्यात प्रयोग करणाऱ्या माणसाची गरज दिसते. त्याच्या मूळ सेटिंग्जवर मात्र विसंबू नका. पीडीएफमध्ये ते टाइप ३ प्रकारचे फाँट घालतं, जे काही प्रकाशकांची तपासणी-यंत्रणा नाकारते. शैली-फाइलमध्ये पीडीएफचा फाँटटाइप ४२ करून टाका.

निळीशाई

@शून्यबिंदू, मुद्दा पटला. पण ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्याच्यावर ते लादू नये असंही मनापासून वाटतं. माझ्या हाताखालच्या एका मुलीने पायथन शिकण्यात दोन महिने घालवले, त्या काळात तिचं विश्लेषण अडून राहिलं. अशांसाठी व्ह्यूझ बघा. विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतं, मुक्त आहे. माऊसने आलेख रचायचा, पण तो मूळ डेटा-फाइलशी जोडलेला राहतो. डेटा बदलला की पुन्हा वाचायला सांगायचं. आणि जतन केलेली फाइल साधा मजकूर असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून फाँट बदलता येतो. तुमचा वीस सेकंदांचा नसला तरी पाच मिनिटांचा मार्ग आहे.

शून्यबिंदू

हे मान्य. व्ह्यूझ मी विसरलोच होतो. कोड हवाच असं नाही, आकृती डेटापासून पुन्हा घडवता आली पाहिजे, एवढंच.

कागदीपट्टी

आर ही सांख्यिकीची भाषा आणि तिच्यातलं आलेखांचं पॅकेज जीजीप्लॉट२, यांचं नाव कुणी घेतलं नाही? विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या आलेखांच्या व्याकरणावर हॅडली विकहॅम यांनी जीजीप्लॉट२ बांधलं. कुठला आकडा कुठल्या अक्षावर, कुठला रंगावर, कुठला आकारावर, हे सांगायचं, बाकी ते बघतं. एकच आलेख सहा तापमानांसाठी सहा छोट्या चौकटीत, सगळ्यांचे अक्ष एकसारखे, हे एका ओळीत होतं. आलेखार्थी यांचा डेटा तसाच आहे असं वाटतंय. राखाडी पार्श्वभूमी मात्र छपाईसाठी काढून टाका.

वक्ररेषा

सहा चौकटींची सूचना फार चांगली आहे. एकाच आकृतीत सहा रंगांचे सहा वक्र एकमेकांवर पडले की वाचकाचा सगळा वेळ सूचीकडे जाण्या-येण्यात जातो. एकत्रच ठेवायचे असतील तर सूची काढा आणि प्रत्येक वक्राच्या टोकाशी त्याचं तापमान लिहा.

रंगांचंही बोलू. लाल आणि हिरवा जोडीने वापरू नका, रंगभेद न कळणारे वाचक पुरुषांमध्ये खूप आहेत. तापमानासारखी चढती राशी असेल तर इंद्रधनुषी पट्टी नको. तिच्यात पिवळा मध्येच उजळतो आणि नसलेली सीमा दिसते. याच कारणाने मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरने २०१४ मध्ये आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या २.० आवृत्तीत मूळ रंगपट्टी बदलली. मॅटप्लॉटलिबची नवी पट्टी म्हणजे विरिडिस. ती गडदपासून फिकट अशी एकसारखी उजळत जाते, त्यामुळे कृष्णधवल छापली तरी क्रम कळतो. फक्त फिकट पिवळं टोक पांढऱ्या कागदावर बारीक रेषेसाठी वापरू नका, पट्टीचा शेवटचा भाग सोडा. सुट्या गटांसाठी ओकाबे-इतो यांचे आठ रंग घ्या, ते रंगभेद न कळणाऱ्यांनाही वेगळे दिसतात, आरमध्ये ते ४.० आवृत्तीपासून तयार मिळतात.

आलेखार्थी

सगळ्यांचे खूप आभार. @वक्ररेषा, तुमचं वाचून लगेच तपासलं. १४ पैकी ३ आकृत्यांत 'लाइन' होता. तापमान सारख्या अंतरावर. परीक्षकांच्या हाती जायच्या आधी कळलं, हे तुमचे उपकार आहेत. गुळगुळीत रेषा ५ आकृत्यांत होती, ती काढल्यावर एका वक्रातला मला आवडणारा फुगवटा नाहीसा झाला.

देवनागरीचं मात्र अडलंय. मॅटप्लॉटलिबमध्ये 'स्थिती' लिहिलं तर स चा पाय मोडलेला दिसतो आणि वेलांटी स्थ च्या आधी येण्याऐवजी थ च्या नंतर जाऊन बसते. 'तीव्रता' मध्ये व आणि र सुटे. फाँट बदलून पाहिले, फरक नाही.

मोजपट्टी

यात फाँटचा दोष नाही. देवनागरीत अक्षरांचे संकेत ज्या क्रमाने साठवलेले असतात त्या क्रमाने ते दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना जोडाक्षराच्या आधी. हा बदल करायला जुळणी-यंत्रणा लागते. मी वापरतो त्या आवृत्तीतलं मॅटप्लॉटलिब ती न वापरता एकामागून एक चिन्हं ठेवत जातं, म्हणून ही मोडतोड.

तीन वाटा आहेत. पहिली, मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ मार्ग वापरून अक्षरांचं काम झीलाटेक्कडे (लाटेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा युनिकोड जाणणारा प्रकार) सोपवा. निकाल सर्वांत देखणा, पण लाटेक् बसवायला आणि समजायला वेळ जातो. दुसरी, आरमध्ये 'रॅग' हे पॅकेज, ते हार्फबझ या जुळणी-यंत्रणेच्या मदतीने काम करतं. मात्र ते पीएनजी आणि टिफ देतं, पीडीएफ नाही, म्हणून रेझोल्यूशन चढं ठेवा. तिसरी, आणि तुमच्यासाठी मला हीच सोपी वाटते, ग्नूप्लॉट हे आज्ञा लिहून आलेख काढायचं सॉफ्टवेअर. १९८६ पासून चालू आहे, नावात ग्नू असलं तरी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाशी संबंध नाही. त्याचं 'पीडीएफकैरो' टर्मिनल (पीडीएफ काढायचा पर्याय) अक्षरांसाठी पँगो ही जुळणी-यंत्रणा वापरतं, त्यामुळे लिनक्सवर जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी येतात. फाँटचं नाव देवनागरी असलेलं द्या, बस. आकार सेंटिमीटरमध्येच सांगता येतो, ८.९.

आलेखार्थी

चार दिवसांनी लिहितेय. एकच आकृती, सहा तापमानांचे वक्र, तीन ठिकाणी काढून पाहिली: ओरिजिन, व्ह्यूझ आणि मॅटप्लॉटलिब. मग मुद्दाम एका फाइलमधले आकडे बदलले आणि तिन्ही पुन्हा काढल्या. ओरिजिनमध्ये पहिली आकृती सर्वांत लवकर झाली, पण बदलानंतर दोन अक्षांच्या मर्यादा हाताने लावाव्या लागल्या. व्ह्यूझ मला मनापासून आवडलं. मॅटप्लॉटलिबला पहिला दीड दिवस लागला, शून्यबिंदू यांच्या सांगण्याप्रमाणे शैली-फाइल केली, आणि त्यानंतरच्या चार आकृत्या एका दुपारी झाल्या. तिथेच ठरवलं. वक्र बसवण्याचं काम ओरिजिनमध्येच करेन, आकडे सीएसव्हीत बाहेर काढेन, आकृत्या मॅटप्लॉटलिबमध्ये. मराठी लेखासाठी ग्नूप्लॉट. 'स्थिती' बरोबर उमटली! सरांना दोन्ही छापून दाखवल्या, ८९ मिमीला. त्यांनी चष्मा काढून वाचल्या आणि शैली-फाइल प्रयोगशाळेत सगळ्यांना दे म्हणाले.

एकच अडचण उरलीय. प्रबंधाचा फाँट मॅटप्लॉटलिबमध्ये लावला तर आडव्या अक्षावर उणे ४० च्या जागी चौकोन आणि ४० दिसतं. बाकी आकडे ठीक.

शून्यबिंदू

मॅटप्लॉटलिब ऋण चिन्हासाठी साधी जोडरेघ न वापरता गणितातलं वेगळं चिन्ह वापरतं, आणि तुमच्या फाँटमध्ये ते नाही. शैली-फाइलमध्ये 'ॲक्सेस डॉट युनिकोड मायनस' फॉल्स करा. जोडरेघ थोडी आखूड दिसते, ते खटकलं तर ऋण चिन्ह असलेला दुसरा फाँट बघा.

आलेखार्थी

झालं, उणे ४० दिसतंय. आखूड रेघ मला खटकली, म्हणून दुसरा फाँट लावला आणि सगळ्या १४ पुन्हा काढल्या. सतरा सेकंद. निबंध आज रात्री पाठवतेय.